मोरीतला समुद्र

आधी एक बुडबुडा येतो. मोरीच्या कोपऱ्यात गोल जाळी आहे, तिच्या मधल्या भोकावर तो वाटाण्याएवढा फुगतो, क्षणभर थांबतो आणि आवाज न करता फुटतो. मग दुसरा. मग जाळीभोवती पाण्याचं एक बारीक कडं तयार होतं आणि ते जाळीकडे जाण्याऐवजी जाळीपासून लांब सरकू लागतं. बाहेर पाहावं तर लख्ख ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नाही. समोरच्या गॅलरीत कुणाची तरी चादर वाळते आहे. आणि आपल्या मोरीत समुद्र येतो आहे.

हे मी इतक्या बारकाईने सांगू शकते, कारण पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मी हातातला खराटा तसाच धरून नुसती बघत उभी होते. पाणी हा माझ्या नोकरीचा विषय. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ आहे. बाटल्यांतून येणारं पाणी दिवसभर तपासते. पण पाणी आपल्या पायांनी चालत माझ्या घरी तपासून घ्यायला येईल, अशी कल्पना नव्हती.

"अगं, नळ चालू राहिलाय का?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नाही आई. भरती आहे."

"भरती समुद्रावर असते," सासूबाई म्हणाल्या, "मोरीत नसते."

त्यांचा भूगोल बरोबरच होता. फक्त समुद्राने तो वाचलेला नव्हता.

घरात आम्ही दोघीच. आमचे हे गेले, त्याला बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर लोकांना वाटलं होतं की या दोघी एकमेकींना फार दिवस सहन करणार नाहीत. लोकांचा अंदाज चुकला, एवढंच. नणंदबाई लांब, समुद्रापासून पुष्कळ आत असलेल्या शहरात राहतात. दर रविवारी फोन करून विचारतात, "आई, कधी येतेस?" आणि सासूबाई दर रविवारी म्हणतात, "बघू." घर सोडायचं का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. कारण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता: सोडलं तर कोण कुठे जाणार? पोटची लेक असताना म्हातारीने सुनेकडे का राहायचं, आणि तेही मुलगा नसताना? घर होतं तोवर या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नव्हतं. त्या त्यांच्या घरात राहत होत्या, मी माझ्या घरात राहत होते, आणि ते घर एकच होतं. तेव्हा पाणी आलं म्हटल्यावर मी एवढंच ठरवलं की पाणी थांबवायचं. काम छोटंसं वाटलं.

छोट्या कामाचा एक दोष असतो. ते शेजाऱ्यांना कळतं.

समोरच्या घरात शिंपीकाका. तळमजल्यावर आमची ही दोनच घरं. काकांचं शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत आणि संसार आतल्या. पाणी त्यांच्याकडेही आलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. "वहिनी, भोकच आहे ना? चिंध्या कोंबा. चिंध्या मी देतो, कमी पडायच्या नाहीत," ते म्हणाले. वरच्या मजल्यावर निवृत्त बँक मॅनेजर. त्यांना सगळे साहेब म्हणतात, आणि सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. जिन्यात उभं राहून सल्ला देणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं पूर्णवेळ काम. ते म्हणाले, "चिंध्यांवर फळी. फळीवर वजन. वजन जेवढं जास्त, तेवढा प्रश्न कमी."

मी चिंध्या कोंबल्या, फळी ठेवली आणि फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली मोठी प्लॅस्टिकची बादली ठेवली. पाण्याने भरलेली बादली पाण्यात बुडाली की तिला वजन असं उरतच नाही, हे मी शाळेत शिकले आहे. पुढे दोन वर्षं शाळेत शिकवलंही आहे. भरतीच्या वेळी फळी तिरकी झाली, बादली हलकेच उचलली गेली आणि डुलत डुलत मोरीच्या उंबऱ्यावरून स्वयंपाकघराकडे निघाली.

"अगं," सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, "तुझी बादली चालली."

मग मी कचेरीत गेले. सुशिक्षित माणूस आधी चिंध्या कोंबतो आणि नंतर कचेरीत जातो. अडाणी माणूस कचेरीत जात नाही, आणि तेवढा त्याचा वेळ वाचतो.

पहिल्या खिडकीवर गटार विभाग होता. तिथल्या कारकुनाने विचारलं, "पाणी खारं आहे का?" मी म्हटलं, हो. "मग ते आमचं नाही. किनारा विभाग." किनारा विभागातल्या बाईंनी विचारलं, "पाणी कुठून आलं?" मी म्हटलं, मोरीतून. त्या म्हणाल्या, "समुद्र मोरीतून आला की तो आमचा राहत नाही. आमचा समुद्र किनाऱ्यावरच्या भिंतीपर्यंत." पर्जन्यजल विभागात एक भला गृहस्थ होता. त्याने खिडकीतून बाहेर ऊन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

माझा स्वाभिमान दुखावला. पाणी कुणाचं, हे पाण्याला विचारता येतं, आणि तेच तर माझं काम. पुढच्या भरतीला मी मोरीतून नमुना भरला, प्रयोगशाळेत नेला आणि सगळे जेवायला गेले असताना सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडून त्यातलं मीठ मोजत बसले. आयुष्यात इतक्या मन लावून मी कुणाचं पाणी तपासलं नसेल. निकाल निर्विवाद होता: निम्म्याहून बरंच जास्त समुद्र, उरलेलं गटार, आणि किंचित साबण. तो साबण कुणाचा, हेही मला वासावरून कळलं होतं, पण विज्ञान आणि शेजारधर्म यांत कुठेतरी रेघ मारावी लागते.

हा कागद घेऊन मी पुन्हा गेले. गटार विभागाचा कारकून तो बराच वेळ वाचत बसला. "बाई," तो म्हणाला, "टक्क्यांमध्ये तक्रार घेता येत नाही. पाणी एकतर आमचं असतं, नाहीतर नसतं."

"थोडं तुमचं आहे."

"मग तेवढंच थांबवलं तर चालेल का?"

त्याने कागद उलटा करून पाहिला. "आणि हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आणावं लागतं."

"मान्यताप्राप्तच आहे. खाली सही आहे."

"सही कुणाची?"

"माझी."

"तक्रारदार कोण?"

"मी."

त्याने कागद दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. तो उद्धट नव्हता. उलट, त्याला माझी कीव आली असावी. "घरी म्हातारं माणूस आहे का कुणी?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "मग त्यांना आधी वरच्या भागात कुठेतरी हलवा," तो म्हणाला. कचेरीतून मिळालेला हा एकमेव उपयोगी सल्ला, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

घरी येऊन मी प्लंबरला बोलावलं. त्याने सांगितलं की नळीत एक झडप बसवतात. पाणी बाहेर जाताना ती उघडते आणि उलटं येऊ लागलं की आपोआप मिटते. इतकी साधी, शिस्तीची, तर्कशुद्ध वस्तू पाहून मला भरून आलं. झडप बसली. भरतीची वेळ झाली. सासूबाई आणि मी मोरीच्या दारात दोन खुर्च्या टाकून बसलो. बुडबुडा आला नाही. पाणी आलं नाही. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शिकलेली आहेस हो," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दार वाजलं. शिंपीकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते.

"वहिनी, तुमच्या वाटणीचं पाणी आमच्याकडे आलंय."

काका चेष्टा करत होते, पण गोष्ट खरी होती. भरतीच्या त्या थोड्या वेळात जेवढं पाणी नळीतून वर येई, ते आजवर दोन घरांत वाटलं जात होतं. माझा वाटा मी बंद केल्यावर तो सगळा त्यांच्याकडे गेला. एका गिऱ्हाइकाचा पूर्ण सूट, शिवून इस्त्री केलेला, खालच्या फळीवर होता. काकांनी तो पिळून दोरीवर टाकला होता आणि त्याच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं, एखादा माणूस हात लोंबकळवून उभा असावा तसं.

"तुम्हीही झडप बसवा काका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"बसवीन. मग ते कुणाकडे जाईल? जिन्यात. जिन्यातून लिफ्टच्या खड्ड्यात. असू द्या वहिनी. सूट तसाही त्याला घट्ट होत होता."

दुसऱ्याच दिवशी मी माझी झडप काढायला लावली. प्लंबरला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. "चालतेय ती!" तो म्हणाला. चालतेय म्हणूनच काढायची होती, हे मला त्याला समजावून सांगता आलं नाही.

साहेबांनी सोसायटीची सभा बोलावली. विषय पत्रिकेत शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' याखाली होता. हा विषय दर भरतीला आयत्या वेळी येत होता, हे खरंच. साहेबांनी बसल्या जागी तोडगा काढला: झडप एकेकट्याच्या नळीत नको, इमारतीच्या मुख्य नळीतच बसवायची, म्हणजे समुद्र दाराबाहेरच थांबेल आणि कुणाचं पाणी कुणाकडे जाणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्यासारख्या बाईने त्या वेळी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो भूगोलाचाही नव्हता: समुद्राने दार बाहेरून लावलं, तर आतलं पाणी कुठून बाहेर जाणार?

याचं उत्तर मिळालं ते एका सकाळी. भरती होती, मुख्य झडप इमानेइतबारे मिटलेली होती, आणि वरच्या मजल्यांवर सगळ्यांच्या आंघोळी चालू होत्या. आमच्या मोरीत बुडबुडा आला. या वेळी तो एकटा नव्हता. जाळीतून पांढराशुभ्र, सुवासिक फेस उसळून वर आला आणि त्यामागून कोमट पाणी. सासूबाईंनी वाकून वास घेतला.

"हा साहेबांचा साबण."

"आई!"

"त्यात काय? जिन्यात रोज येतो वास. समुद्र परवडला गं. निदान ओळखीचा नव्हता."

आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते हेच. आता उपाय एकच उरला: मुख्य झडप मिटलेली असताना वर कुणी पाणी सांडायचं नाही. पण झडप कधी मिटते? भरतीला. भरती कधी येते? रोज वेगळ्या वेळी. ते गणित कोण करणार? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. भरतीच्या वेळा बंदराच्या तक्त्यात असतात, पण आमच्या गल्लीतल्या नळीपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तो धरावा लागतो. हे मी सभेत सांगितलं आणि माझा घात झाला. दर आठवड्याला फलकावर वेळापत्रक लागू लागलं. अमुक ते अमुक या वेळात कुणीही आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, आणि तिसऱ्या ओळीत जे लिहावं लागलं ते मी शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत लिहिलं होतं.

इमारतीने मला 'भरतीबाई' हे नाव दिलं. फोन सुरू झाले.

"वहिनी, आज सकाळची मीटिंग आहे. आंघोळ जमेल का?"

"भरतीबाई, पाहुणे आलेत. त्यांना काय माहीत वेळापत्रक? तुम्हीच सांगा ना त्यांना."

आणि एकदा साहेबांचा फोन. आवाज नेहमीसारखा भारदस्त नव्हता. "वहिनी... साधारण किती वेळ आहे अजून?"

"पाणी उतरायला? बराच आहे, साहेब."

"नाही, म्हणजे..." पलीकडे मोठा श्वास. "आयुष्यभर माझी एक वेळ ठरलेली आहे, वहिनी. बँकेतही सगळ्यांना माहीत होती."

विज्ञानात पदवी घेताना मी अनेक स्वप्नं पाहिली होती. निवृत्त बँक मॅनेजरला संडासात जायची परवानगी देणं त्यांत नव्हतं. फोन घ्यायचा मला संकोच वाटे, म्हणून तो सासूबाईंनी आपल्याकडे घेतला, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. खिडकीपाशी बसून त्या मोरीकडे डोळा ठेवत आणि फोनवर हुकूम सोडत. "थांबा हो, घाई काय आहे? चढतंय अजून." किंवा, "जा आता, जा. पण बेताने." आमचे हे असते तर पोट धरून हसले असते. त्या हसण्याचा आवाज मला एकदा खरंच ऐकू आल्यासारखा वाटला. मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

वेळापत्रक पाळलं जात नव्हतं, हे सांगायला नको. माणसाचं शरीर चंद्राचं ऐकत नाही. मग गवंड्याला बोलावलं. पाणी थांबत नसेल तर आपण वर जायचं, म्हणजे जमीन उंच करायची. गवंडी म्हणाला, "जुनी फरशी फोडून भर टाकू."

"फोडायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

ती फरशी राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांची. घर घेतलं तेव्हा ह्यांनी निवडलेली. सासूबाईंना लाल हवी होती, दुकानात मायलेकांचं भांडण झालं होतं, आणि तेव्हापासून त्या म्हणत आल्या होत्या की या फरशीवर पुसलेलं आणि न पुसलेलं सारखंच दिसतं. तीस वर्षं म्हणत आल्या होत्या. "फोडू नका," त्या पुन्हा म्हणाल्या, "वरून घाला." गवंड्याने दारापासून सुरुवात केली. भर पडत गेली, राखाडी चौकोन एकेक करून झाकत गेले. सासूबाई कॉटजवळच्या शेवटच्या फरशीवर पाय ठेवून बसल्या होत्या. गवंडी तिथवर आला, थांबला, फावड्याला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने त्यांनी पाय वर घेतले.

जमीन वर आली की छत खाली येतं, हे साधं गणित. पण त्यात राहून पाहावं लागतं. दारं खालून कापावी लागली. ओटा मांडीला लागू लागला आणि भाजी चिरताना मी नमस्कार घातल्यासारखी दिसू लागले. दिव्यांची बटणं कंबरेशी आली. पंखा इतका जवळ आला की उंच पाहुण्यांना आम्ही दारातच बसा म्हणू लागलो. सासूबाई मात्र खूश होत्या. "म्हातारपणी माणूस बुटकं होतं म्हणतात," त्या म्हणाल्या, "मी बघ, उंच झाले." मोरी तेवढी तशीच खोल ठेवावी लागली, कारण तिचा उतार नळीला बांधलेला. आत उतरायला दोन पायऱ्या केल्या. समुद्राला मी एक छोटी विहीर बांधून दिली होती.

याच सुमारास शिंपीकाका गेले. गाजावाजा केला नाही. यंत्र एका हातगाडीवर चढवलं आणि दाराला कुलूप घातलं.

"तुमचंही उंच करून घ्या ना काका," मी म्हटलं. "गवंडी इथेच आहे."

"नाही वहिनी. कपडा फाटला की टाका घालायचा, मान्य. पण टाका घालायला धड कापड लागतं. इथे टाकेच जास्त झाले." त्यांनी हातगाडीवरच्या यंत्राची दोरी ओढून पाहिली. "तुम्ही काय ठरवलंत?"

"बघू," मी म्हटलं. आणि मला जाणवलं की हा सासूबाईंचा शब्द होता.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी चहा घेत होतो. समोरच्या बंद दारावर कुलूप चकचकत होतं.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "तुझं काही फार वय झालेलं नाही. माझ्यापायी तू इथे अडकू नकोस."

हाच तो क्षण होता. तो ओळखण्याइतकी मी शहाणी आहे. टेकडीवर पाण्याचं शुद्धीकरण केंद्र आहे, तिथे दोन खोल्यांचं एक निवासस्थान रिकामं होतं. मला हवं आहे का, असं कार्यालयाने विचारलं होतं, आणि मी 'विचार करून सांगते' म्हटलं होतं. तिथून समुद्र दिसतो, पण येत नाही. तेव्हा बोलायचं होतं. पण मला वाटलं, सासूबाई लेकीकडे जायची वाट मोकळी करून मागत असतील. त्यांच्या तोंडून 'हो, मला जायचंय' हे ऐकायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "आई, मोरीच्या दाराला खालून रबराची पट्टी लावून घ्यायला हवी." कपातला उरलेला चहा त्यांनी बशीत ओतला आणि तसाच राहू दिला.

पट्टी लावली. पाणी आत राहिलं, बाहेर आलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं. मी हे प्रयोगशाळेत दोघांना सांगितलंही. त्याच आठवड्यात सासूबाई मोरीच्या पायरीवरून घसरल्या. पायरी ओली होती, त्यांना ती सवयीची नव्हती, आणि ती मी बांधून घेतलेली होती. मी बाहेरच्या खोलीत पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक लिहीत होते. आधी काही आवाज आला नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "अगं, जरा येतेस का?" मीठ संपलंय असं सांगावं, तशा सुरात. मनगट मोडलं होतं. दवाखान्यात हाताला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? त्या म्हणाल्या, "पोहायला उतरले होते."

नणंदबाई दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आल्या. त्या आल्या आणि त्यांनी घर पाहिलं: कापलेली दारं, मांडीला लागणारा ओटा, डोक्याशी आलेला पंखा, पायऱ्यांची मोरी. मी त्यांच्या नजरेने ते पहिल्यांदा पाहिलं. दुरुस्त केलेलं घर म्हणून मी ज्याच्याकडे बघत होते, ते जखमेवर पट्टी, पट्टीवर पट्टी बांधत गेलेलं काहीतरी होतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अगं, एवढं सगळं करण्यापेक्षा एक फोन करायचा."

त्यांनी कपाट उघडलं आणि आईचे कपडे पिशवीत भरू लागल्या. सासूबाई कॉटवर, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, पाहुणीसारख्या बसल्या होत्या. कुठली चादर हवी, कुठली औषधं, असं नणंदबाई विचारत होत्या आणि सासूबाई सगळ्याला "कुठलीही" म्हणत होत्या.

"तू सुटलीस म्हण ना," नणंदबाई मला म्हणाल्या, आणि खरोखर मायेने म्हणाल्या. "इतकी वर्षं केलंस. आता स्वतःचं बघ. माझ्या भावाच्या मागे एवढं कोण करतं?"

बाहेरून ड्रायव्हरने हाक मारली. "ताई, रस्त्यावर पाणी चढतंय. निघायला हवं."

मी खिडकीतून पाहिलं. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे अजून वेळ होता. पाण्याने वेळापत्रक पाळलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब खाली उतरले. त्यांच्या मागे प्लंबर. मोडलेल्या मनगटाची बातमी ऐकून ते भेटायला आले होते, पण रिकाम्या हाताने येणं त्यांच्या स्वभावात नाही. ते कल्पना घेऊन आले होते.

"वहिनी, झालं ते झालं. माझ्या लक्षात आलंय आपलं कुठे चुकलं. पंप! मुख्य नळीजवळ टाकी खणायची आणि पंप लावायचा. झडप मिटली की आतलं पाणी पंप बाहेर फेकणार. याला विचारा."

"बसतो पंप," प्लंबर म्हणाला. "उद्यापासून खणू."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या. चेहऱ्यावर अचानक रंग आला होता.

"पंप का नाही बसवला आधी?" त्या घाईघाईने म्हणाल्या. "बसवून टाका. अगं, तू सांग ना त्यांना. एक पंप बसला की सगळं ठीक होईल. मग कशाला कुठे जायला हवंय? पिशवी ठेव गं खाली. पंप बसू दे आधी. काय गं, बसेल ना?"

त्या नणंदबाईंशी बोलत नव्हत्या, साहेबांशीही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि चांगल्या हाताने त्यांनी कॉटची कडा घट्ट धरली होती. पंपात त्यांना काडीचा रस नव्हता. चिंध्या, झडप, फरशी, पट्टी, हे सगळं मी ज्या कारणासाठी करत होते, त्याच कारणासाठी त्यांना पंप हवा होता. इतके महिने दोघी एकाच गोष्टीला घाबरून एकमेकींच्या समोर पाणी उपसत बसलो होतो.

ड्रायव्हरने आता हॉर्न वाजवला. प्लंबर खिशातून टेप काढून दाराबाहेरची जमीन मोजू लागला. साहेब त्याला टाकी कुठे घ्यायची ते सांगू लागले. नणंदबाई पिशवीची चेन लावत होत्या.

"पंप नको," मी म्हटलं.

आवाज जरा मोठाच आला असावा. प्लंबरच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नणंदबाईंच्या हातातून पिशवी घेतली.

"हे घर आम्ही सोडतोय. टेकडीवर मला दोन खोल्या मिळतात, त्या मी घेतेय. ताई, तुम्ही वाटेल तेव्हा या, वाटेल तितके दिवस राहा. पण आई तुमच्याकडे येणार नाहीत. आई माझ्याबरोबर राहणार."